नभरेषा आणि गॅलरी : गिरणगावातील टॉवर व मराठी साहित्याची नजर

प्रस्तावना

मुंबईतील उंच इमारतींविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा 'गगनचुंबी' आणि 'टोलेजंग' ही दोन विशेषणे हमखास येतात. वृत्तपत्रीय लेखनात त्यांचा वापर इतका झाला आहे, की ती आता वाचकाच्या नजरेला अडतही नाहीत. परंतु ही दोन्ही विशेषणे रस्त्यावर उभे राहून मान वर करणाऱ्या माणसाची आहेत. चाळिसाव्या मजल्यावर राहणारा माणूस आपल्या घराला गगनचुंबी म्हणत नाही. तो पाणी वेळेवर चढते की नाही, लिफ्ट बंद पडली तर काय, याविषयी बोलतो. गेल्या तीन-चार दशकांत गिरणगावचे आकाश पार बदलून गेले. या बदलाकडे मराठी साहित्याने आणि समीक्षेने नेमके कोठे उभे राहून पाहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मुंबईच्या दक्षिण टोकावरील कार्यालयीन इमारतींचा विचार येथे केलेला नाही. परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी व ताडदेव एवढ्याच टापूपुरती ही मांडणी मर्यादित आहे.

'स्कायलाइन' या शब्दाला मराठीत सर्वमान्य पर्याय नाही. 'क्षितिजरेषा' हा शब्द काही जण वापरतात. मात्र क्षितिज ही निसर्गाने आखलेली रेषा आहे, आणि येथे अभिप्रेत असलेली रेषा माणसाने, त्यातही कायद्याने आणि पैशाने आखलेली आहे. म्हणून या लेखात 'नभरेषा' हा शब्द स्वीकारला आहे.

चिमणीपासून टॉवरपर्यंत

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि ताडदेव येथे ती गिरणी उभी राहिली. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' 1863 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गिरण्यांचे शहर आकाराला येऊ लागले होते. पुढे 1878 मध्ये सुमारे 280 फूट उंचीचा राजाबाई टॉवर पूर्ण झाला. त्यानंतर दीर्घकाळ मुंबईच्या उंचीच्या दोन तऱ्हा राहिल्या. दक्षिणेकडे विद्यापीठ, न्यायालय, चर्च यांचे मनोरे आणि उत्तरेकडे गिरण्यांच्या चिमण्या. चिमणी मालकाची होती, तरी तिच्या पायथ्याशी वाजणारा भोंगा कामगाराच्या घरातला दिवस चालवीत असे. डबा भरणे, पाळी बदलणे, मुलांची शाळा हे सारे त्या आवाजावर बेतलेले असे. त्यामुळे ती उंची कामगाराला परकी नव्हती. ती त्याच्या शोषणाची खूण होती आणि त्याच्या पत्त्याचीही. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (1966) सारख्या संग्रहातील शहर कामगाराला आपलेसे वाटते, त्याचे एक कारण हे आहे.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपाचा इतिहास मराठी वाचकाला ज्ञात आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की संपानंतर गिरणीतील यंत्रांपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. 58 गिरण्या आणि सुमारे 600 एकर जमीन हा हिशेब पुढील पंचवीस वर्षे सार्वजनिक चर्चेत सतत येत राहिला.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने या जमिनीची तीन भागांत वाटणी सुचविली होती. एक तृतीयांश महानगरपालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी आणि उरलेला भाग मालकास. स्थापत्यकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली 1996 मध्ये एक अभ्यासगटही नेमण्यात आला. 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ 'खुल्या' जमिनीपुरती उरली. येथे साहित्याच्या अभ्यासकाने थांबले पाहिजे, कारण पुढचा सारा वाद एका शब्दाच्या अर्थनिर्णयाचा आहे. गिरणीची इमारत पाडल्यावर मोकळी होणारी जमीन 'खुली' म्हणायची, की जी आधीपासूनच मोकळी होती तेवढीच? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये पहिला अर्थ ग्राह्य धरला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो निर्णय फिरवला आणि दुसरा अर्थ कायम झाला. गिरणीच्या आवारात मुळात मोकळी जागा ती किती असणार? शेड, गोदामे आणि खाती यांनी ते आवार भरलेले असे. मैदाने आणि परवडणारी घरे यांच्या वाट्याची जमीन त्यामुळे आक्रसली. आज लोअर परळला दिसणारी नभरेषा या एका विशेषणाच्या अर्थातून उभी राहिली आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. कवितेतील एका शब्दाच्या अनेकार्थतेवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या आपल्या समीक्षेने या शब्दाची दखल घेतलेली मात्र सहसा आढळत नाही.

त्यानंतरची कथा झपाट्याने घडली. श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन उभी राहिली. तिची नियोजित उंची 442 मीटर होती. विमानतळ प्राधिकरणाच्या मर्यादेमुळे ती सुमारे 280 मीटरवर थांबली. श्रीराम मिलच्या जागेवर पॅले रॉयाल 320 मीटरपर्यंत चढली. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला आणि चिमणी तेवढी शोभेला राहिली. लोअर परळचे 'अप्पर वरळी' असे नामांतर जाहिरातींनी करून टाकले. परळ हे नाव घराच्या किमतीला शोभेना, एवढाच त्याचा अर्थ.

या इमारतींच्या रूपाविषयीही थोडे बोलणे आवश्यक आहे. टॉवरचा आकार ही स्थापत्यकाराच्या प्रतिभेची निर्मिती आहे असे आपण समजतो. वस्तुतः तो बहुतांशी नियमांचा आकार असतो. किती बांधावे हे चटई क्षेत्र निर्देशांक ठरवतो. ('चटई' हा शब्द या व्यवहारात कसा आला असेल, याचे कुतूहल वाटते. जी अंथरून माणूस जमिनीवर झोपतो, तिच्या नावाने आकाशाची विक्री होते.) 1991 च्या नियमावलीत शहर भागासाठी हा निर्देशांक 1.33 होता. तरीही इमारती उंच होत गेल्या; कारण वाहनतळाचे मजले, बाल्कनी, फुलझाडांसाठीचे कठडे अशा अनेक गोष्टी मोजणीतून वगळल्या जात असत. कागदावर फुलझाडांचा असलेला कठडा प्रत्यक्षात खोलीत सामील होई. 2012 मध्ये या सवलती मोजणीत आणून त्याबदल्यात निवासी बांधकामास अधिमूल्य भरून 35 टक्के जादा क्षेत्र देण्याची पद्धत आली. वाहनतळाच्या मजल्यांचा चौथरा, म्हणजे पोडियम, तसाच राहिला. म्हणून रस्त्यावरून चालणाऱ्याला टॉवर दिसण्यापूर्वी मोटारींच्या पाच-सात मजल्यांची आंधळी भिंत दिसते. चाळीच्या तळमजल्यावर वाण्याचे दुकान, न्हाव्याची खुर्ची, व्यायामशाळा असे. पोडियमच्या पायथ्याशी सुरक्षारक्षक असतो.

गॅलरीची कथनरीती

मुंबईविषयक मराठी साहित्याचे एक वैशिष्ट्य असे, की त्याची नजर मूलतः आडवी आहे. चाळीची गॅलरी हे केवळ घटनास्थळ नाही, ती कथनाची रीत आहे. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (1958) घ्यावी. एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात जाताना निवेदकाला दार ठोठवावे लागत नाही. पात्रे एकमेकांच्या ऐकण्यात असतात, म्हणून विनोद एका तोंडून दुसऱ्या तोंडी सहज सरकतो. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (1965) मध्ये गॅलरीची जागा नाक्याने घेतली. सभ्यपणा गेला, भाषा बदलली. पण येणारी-जाणारी माणसे एकाच पातळीवरून न्याहाळणारी नजर कायम राहिली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (1997) या नाटकात संपानंतरच्या एका गिरणी कामगार कुटुंबाची पडझड एकाच खोलीत घडते. तेथेही दार उघडेच असते, आणि बाहेरचे जग त्या दारातून आत येत राहते.

ही रीत टॉवरमध्ये शिरताच कोलमडते. तेथे गॅलरी नाही, आडवी नजर नाही. दोन बंद दारांच्या मधे लिफ्टसमोरची चार पावले जागा असते आणि तेथे कोणी थांबत नाही. शेजारी ऐकू येत नाही. गॅलरीवर पोसलेल्या आपल्या कथनाला येथे पात्रांची भेट घडवून आणणेच अवघड होते. परिणामी बहुतेक लेखक टॉवरबाहेर थांबले आणि टॉवर हे प्रतीक झाले. त्याची सावली चाळीवर पडते, तो सूर्य अडवतो, तो भांडवलशाहीचा उद्दाम हात असतो. यात असत्य काही नाही. तथापि प्रतीक एकदा ठरले की निरीक्षण थांबते, आणि समीक्षेनेही याच प्रतीकाची नोंद पुन्हा पुन्हा करून लेखकांना त्यातच समाधानी राहू दिले, असे खेदाने नमूद करावे लागते.

उंची आली म्हणजे गॅलरी संपणारच, असाही नियम नाही. कोरिया यांच्याच कांचनजंगा (1983) या 28 मजली इमारतीत व्हरांड्याची कल्पना दुमजली उंचीच्या सज्जांच्या रूपाने वर नेलेली आहे. ती श्रीमंतांची घरे आहेत आणि तो सज्जा खाजगी आहे, हे खरे. तरीही उंच इमारतीत उघडी जागा ठेवता येते हे त्यातून सिद्ध झाले होते. पुढे ती ठेवली गेली नाही, याचे कारण उंचीत शोधायचे की विकाऊ चौरस फुटांच्या हिशेबात, हा प्रश्न टॉवरचे प्रतीक करणाऱ्या लेखनातून सुटून जातो.

जयंत पवार (1960-2021) हे या प्रक्रियेच्या सर्वांत जवळ गेलेले लेखक होत. साहित्य अकादेमी पुरस्कार लाभलेल्या त्यांच्या कथासंग्रहाचे 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हे नावच परळच्या वाचकाला पुराणकथेतील पक्ष्याआधी त्या गिरणीची आठवण करून देते. 'काय डेंजर वारा सुटलाय' या नाटकात त्यांनी घर आणि जमीन यांभोवतीची दहशत मध्यमवर्गाच्या दारापर्यंत आणली. त्यांचे मोठेपण असे, की बिल्डर, गुंड, पुढारी आणि रहिवासी यांना त्यांनी वेगवेगळ्या नैतिक मजल्यांवर ठेवले नाही. रहिवाशालाही जास्त चौरस फूट हवे असतात, हे त्यांना ठाऊक होते.

स्मरणरंजनाची अडचण

'बटाट्याची चाळ'चे शेवटचे प्रकरण, 'एक चिंतन', हे चाळीचे मराठीतील पहिले शोकगीत म्हणता येईल. पु. लं.च्या ठिकाणी तो हळवेपणा आधीच्या सर्व प्रकरणांतील खट्याळ निरीक्षणाने तोलून धरलेला आहे. पुढील काळातील अनुकरणांनी निरीक्षण टाकून दिले आणि हळवेपणा तेवढा घेतला. दिवाळी अंकांतून, पुरवण्यांतून येणाऱ्या 'चाळ संस्कृती'वरील लेखांत फराळाची ताटे या घरातून त्या घरात जातात, गणपतीचा मंडप असतो, क्रिकेट असते. सामाईक संडासापुढची पहाटेची रांग तोंडी लावण्यापुरती येते. त्या रांगेत बाईची काय अवस्था होत असेल, हे येत नाही.

आणखी एक गोष्ट येत नाही, ती अधिक गंभीर आहे. चाळीची गॅलरी सर्वांसाठी उघडी नव्हती. गिरणीत दलित कामगारांना विणकाम खात्यात घेतले जात नसे, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला होता. खाते जसे जातीने ठरत होते, तशी वस्तीही ठरत होती. भाड्याच्या खोलीशी जात कशी बांधलेली असते हे बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेने दाखवले आहे; ती मुंबईत घडत नसली तरी मुंबईच्या वाचकाला ती परकी वाटली नाही. 1974 च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली तेव्हा गॅलरीसमोर गॅलरी उभी ठाकली होती. 'गोलपिठा' (1972) लिहिणाऱ्या नामदेव ढसाळांच्या पिढीचे राजकारण या चाळींतही घडले. चाळ गेली म्हणून हळहळणाऱ्या लेखनात हा सारा भाग कोठे बसवायचा?

हा प्रश्न आता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. 1920 च्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची होती आणि संडास मजल्यावर सामाईक होते. त्यांच्या पुनर्विकासातून ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतील 556 रहिवाशांना चाळीस मजली इमारतीतील 500 चौरस फुटांची घरे मिळाली. ज्या कुटुंबाच्या तीन पिढ्या एका खोलीत गेल्या, त्यातील सुनेला घरात स्वतःचे न्हाणीघर मिळाले असेल, तर तिच्या लेखी टॉवर हे कशाचे प्रतीक आहे? आपल्या साहित्याजवळ तिच्यासाठी अद्याप वाक्य नाही. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात अशा घरांतून येणारे विद्यार्थी आहेत. चाळीवरचा धडा शिकवताना ते आजीच्या गोष्टी ऐकाव्यात तसे ऐकतात, आणि त्यांच्या स्वतःच्या इमारतीवरचा धडा पाठ्यपुस्तकात नाही.

अर्थात या घराचे गुणगान करणे हाही साहित्याचा मार्ग नव्हे. पुनर्विकासाच्या एकाच आवारात दोन प्रकारच्या इमारती उभ्या राहतात. शासकीय भाषेत त्यांना 'पुनर्वसन घटक' आणि 'विक्री घटक' म्हणतात. ताडदेवच्या एम. पी. मिल कंपाउंडच्या झोपडपट्टीच्या जागेवर 60 मजली इम्पीरियल मनोरे उभे राहिले आणि मूळ रहिवासी त्यांच्या पायथ्याच्या इमारतींत गेले. नभरेषेच्या छायाचित्रात मनोरे येतात, पायथा येत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनातील घर प्रारंभी 225 चौरस फुटांचे होते; ते पुढे 269 आणि नंतर 300 झाले. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत 2012 मध्ये निघाली तीही 225 चौरस फुटांच्या घरांची. अर्जदारांची संख्या लाखाहून कितीतरी अधिक होती, संपाला तीस वर्षे उलटली होती, आणि अनेक अर्ज वारसांनी केलेले होते. मिळालेले घर ठेवायचे की विकून गावी किंवा उपनगरापलीकडे जायचे, हा त्यानंतरचा कौटुंबिक पेच. यात कादंबरीला पुरेल एवढे द्रव्य आहे.

कागद

या पेचाच्या मुळाशी कागद आहे. भाडेपावती, शिधापत्रिका, वीजबिल, मृत्यूचा दाखला यांतील एखादा नसला की माणूस त्या जागेवर कधी राहत नव्हताच असे ठरते. टॉवरचा खरा पाया तेथे घातला जातो. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (2024) या चित्रपटाने हे नेमके पकडले आहे. चित्रपट मुख्यतः मल्याळी परिचारिकांचा आहे. परंतु छाया कदम यांनी साकारलेली पार्वती ही रत्नागिरीकडची, रुग्णालयात स्वयंपाक करणारी विधवा आहे. नवऱ्याच्या माघारी घराचा पुरावा तिच्या हाती नाही, आणि टॉवर बांधणाऱ्याला तेवढे पुरते. ती आणि तिची सहकारी आलिशान इमारतीच्या जाहिरातफलकावर दगड मारतात आणि काही दिवसांनी ती गावी निघून जाते. त्या प्रसंगात टॉवर दिसतही नाही. दिसतो तो फलक. आपल्या गिरणगावातील, आपलीच भाषा बोलणारी ही बाई प्रथम अन्यभाषक चित्रपटात इतक्या स्पष्टपणे यावी, यावर मराठी लेखकाने विचार करावा.

याचा अर्थ मराठीत साधन नाही असा नव्हे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी 2004 मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध केलेल्या गिरणी कामगारांच्या मौखिक इतिहासात बोलणारी माणसे बव्हंशी मराठीच आहेत. त्यांचे बोलणे संपापाशी आणि गिरण्यांच्या विक्रीपाशी थांबते, कारण पुस्तकाचा काळ तेथे थांबतो. त्यांची मुले आणि नातवंडे आज बाविसाव्या, तिसाव्या मजल्यावर राहतात. त्यांच्या बोलीत नवे शब्द आले आहेत. 'रिहॅबमध्ये राहतो की सेलमध्ये' हा प्रश्न आता आडनाव विचारावे तसा विचारला जातो. 'माळा' जाऊन 'फ्लोअर' आला, 'बिऱ्हाड' जाऊन 'फ्लॅट' आला. 'ट्रान्झिटला असताना' या दोन शब्दांत कुटुंबाची आठ-दहा वर्षे संक्रमण शिबिरात गेलेली असतात. पापड वाळत घालायला जागा नाही म्हणून रेफ्यूज मजल्यावर, म्हणजे आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या मजल्यावर, चादरी पसरल्या जातात आणि संस्थेची नोटीस येते. ती नोटीस मराठीत असते.